फ्रेंच पॉलिश बिघडलं? आधी कारण शोधा, मग हात लावा

व्हिनिअर लावलेल्या जुन्या छोट्या वस्तूंना, म्हणजे दागिन्यांची पेटी, घड्याळाची चौकट वगैरे, पॉलिश करून द्यायचं काम घरातूनही सुरू करता येतं. पण मी पहिल्याच पावसाळ्यात आपटलो. एका ताईंच्या आजीची पेटी घेतली आणि 'शनिवारी देतो' म्हणून बसलो. शुक्रवारी झाकण पांढुरकं पडलं. घाबरून पॉलिश पेपर मारला, तर कोपऱ्यावरचं व्हिनिअरच गेलं! मजुरी सोडून दिली, पण गेलेलं व्हिनिअर काही परत आलं नाही.

व्हिनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. म्हणून घासणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. आधी हे बघा:

1. पांढुरकं पडलंय? हवेतली ओल थरात अडकली आहे. कोरड्या दिवसाची वाट बघा. मलमलीत कापूस बांधलेल्या पुरचुंडीला स्पिरिट नावापुरतं लावा आणि हलक्या हाताने फिरवा.

2. चिकट राहिलंय? बहुतेक चपडा शिळा आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा काही महिन्यांनी नीट वाळत नाही. काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर बाटली बाद. तो थर स्पिरिटने पुसून काढा, वर नवा थर देऊ नका.

3. तेलकट, ढगाळ दिसतंय? पुरचुंडी सरकावी म्हणून लावलेलं तेल जास्त झालंय. इथेही जवळजवळ कोरडी, स्पिरिटची पुरचुंडी.

4. पुरचुंडीने थर ओढला? ओल्या थरावर हात थांबला असणार. पूर्ण वाळू द्या, मग पुढचं.

5. फुगा आलाय? नखाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर व्हिनिअर सुटलंय. आधी चिकटवा, मग पॉलिश.

आता धंद्याचं. काम घेतानाच गिऱ्हाईकासमोर फोटो काढा, जुने ओरखडे दाखवा. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब लावा. चिकट झालं तर जुना थर चपड्याचा असण्याची शक्यता जास्त. आणि पावसाळ्यात तारीख देताना आठ दिवस हातचे ठेवा. उशीर झाला तर गिऱ्हाईक रागावतं, पण वस्तू बिघडली तर ते परत येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: आधी टाकाऊ प्लायच्या तुकड्यावर हात बसवा. आजीची पेटी नंतर!