डिजिटल आकड्यावर किती भरवसा ठेवावा?

आमचे अनेक कारागीर बांधव आता घरच्या घरी, लहान पातेल्यात, ओढण्या व नमुन्याचे तुकडे रंगवितात. पाणी ठराविक तापमानावर ठेवण्यासाठी प्लगमध्ये लावावयाचा डिजिटल कंट्रोलर बाजारात मिळतो. आकडा लावा आणि बेफिकीर व्हा, असे विकणारा सांगतो. मीही बेफिकीर झालो व नुकसान उचलले. तो तजुर्बा वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून मांडत आहे.

व्हिनाइल सल्फोन जातीचे रिॲक्टिव्ह रंग सुती कापडावर साधारण ६० अंश सेल्सिअसला पक्के होतात. माझ्या यंत्रावर ६० हा आकडा तासभर स्थिर होता. चाळीस ओढण्या रंगल्या, माल गेला. आठवड्याने गिऱ्हाईक परत आले; पहिल्याच धुण्यात पाणी लाल झाले होते. मी आधी रंगावर संशय घेतला, मग सोड्यावर. शेवटी साधा काचेचा थर्मामीटर पातेल्यात बुडविला, तर पाणी ५१ अंश!

याचे कारण समजून घ्या. सेन्सरच्या टोकात थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विद्युत रोध घटतो व त्यावरून यंत्र अंश काढते. मीठ-सोड्याच्या पाण्यात राहून टोकाचे सील सुटले व आत ओल शिरली, तरी रोध घटतो. पाणी तापले असे समजून यंत्र हीटर लवकर बंद करते. आकडा ६० दाखवितो, रंग मात्र कच्चा राहतो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) पडताळणी : बर्फाचा चुरा व थोडे पाणी यांत सेन्सर पाच मिनिटे ठेवा; आकडा ० च्या जवळ हवा. एवढ्यावर थांबू नका. ६० अंशालाही काचेच्या थर्मामीटरशी ताडून पाहा. एक-दोन अंशांचा कायम फरक असेल तर यंत्रातील दुरुस्तीच्या सेटिंगने तो काढता येतो. फरक रोज बदलत असेल तर सेन्सरच बदला.

२) फरकाचे सेटिंग : ६० वर बंद व फरक ३ असेल तर हीटर ५७ ला पुन्हा सुरू होतो. रंगासाठी फरक १ ठेवावा. हीटर बंद झाल्यावरही रॉड गरम असल्याने पाणी थोडे वर चढते, म्हणून सतत ढवळावे.

३) विलंब : फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी यंत्रात काही मिनिटांचा विलंब असतो. काही यंत्रांत तो हीटरलाही लागू होतो व माणूस यंत्र बिघडले असे समजतो. हीटरसाठी तो शून्य करावा.

४) भार : १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर घेतो. त्याला ६ अँपिअरचा प्लग चालत नाही, तो तापून वितळतो. १६ अँपिअरचा सॉकेट व पक्के अर्थिंग हवे.

५) जीवाची हिफाजत : रॉड रंगाच्या पाण्यात कधीही घालू नये. मोठ्या भांड्यात साधे पाणी घेऊन रॉड व सेन्सर त्यात ठेवावा, रंगाचे पातेले आत बसवावे आणि पातेल्यात काचेचा थर्मामीटर लावावा. सेन्सर बांधून ठेवा. तो पाण्याबाहेर आला तर पाणी थंड आहे असे समजून यंत्र हीटर चालूच ठेवते. बहुतेक यंत्रे एकच तार तोडतात. घरात फेज-न्यूट्रल उलटे असतील तर ‘बंद’ रॉडमध्येही वीज राहते. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग उपसून काढावा.

चाळीस ओढण्यांचे पैसे मी परत केले. नीयत साफ होती, तरी गिऱ्हाइकाच्या हाती कच्चा माल गेला, हे खरेच. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात घट करणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. आपण गज व तराजू तपासतो. अंश हेही एक मापच आहे. ते तपासल्याशिवाय ‘रंग पक्का’ असे गिऱ्हाइकाला सांगू नये. एक काचेचा थर्मामीटर जवळ बाळगा, इन्शाअल्लाह रंगही टिकेल आणि पतही.