जागे ठेवूनही झटका थांबवणारे औषध

कुणाला फेफरे आले, की कुणीतरी धावत जाऊन कांदा नाही तर चप्पल आणतो. थोड्या वेळाने झटका थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते! वास्तविक बहुतेक झटके एकदोन मिनिटांत आपोआपच थांबतात. ते पुन्हा येऊ नयेत म्हणून औषध लागते. हे औषध मेंदूत करते तरी काय?

मेंदूतील चेतापेशी विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी एकमेकींना निरोप देतात. अपस्माराच्या झटक्यात असंख्य पेशी एकदमच आणि अतिवेगाने स्पंद सोडू लागतात. पूर्वी यावर उपाय म्हणजे मेंदूलाच गुंगी आणणे. एकोणिसाव्या शतकात ब्रोमाइड आणि १९१२ पासून फेनोबार्बिटोन देत. झटके कमी होत, पण रोगी पेंगत असे. गुंगीवाचून गुण नाही, असेच मग वाटू लागले.

बॉस्टनच्या मेरिट व पटनम या डॉक्टरांनी हे तपासून पाहिले. किती विद्युतप्रवाहाने मांजराला झटका येतो ते त्यांनी मोजले, मग एकेक रसायन देऊन हा आकडा वाढतो का ते पाहिले. फेनिटॉइनने तो चांगलाच वाढला, आणि मांजर जागेच! हे रसायन जर्मनीत १९०८ सालीच तयार झाले होते. गुंगी आणत नाही म्हणून ते पडून होते. १९३८ साली रोग्यांवरील निष्कर्षही प्रसिद्ध झाले.

यातली खुबी पुढे उलगडली. पेशीच्या पटलात सूक्ष्म दारे असतात. ती उघडून सोडियमचे आयन आत शिरले की स्पंद उमटतो. दार लगेच मिटते आणि किंचित विसाव्यानंतरच पुन्हा उघडण्याजोगे होते. फेनिटॉइन अशा मिटलेल्या दाराला चिकटते व विसावा लांबवते. सावकाश स्पंद सोडणाऱ्या पेशीचे त्याने फारसे अडत नाही. भरधाव सुटलेल्या पेशीची दारे मात्र वेळेवर उघडत नाहीत. म्हणजे जी जास्त धावते, तिलाच लगाम!

आज अशी पुष्कळ औषधे आहेत. योग्य औषधाने दहापैकी सुमारे सात रोगी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. पण औषध रक्तात पुरेसे असते तोवरच हा लगाम टिकतो. तुमचा एखादा वर्गमित्र मुलांच्या हसण्याला भिऊन गोळी चुकवत असेल, तर त्याला हे सांगा. गोळ्या एकाएकी सोडल्या, तर झटक्यांमागून झटके येऊन ते जिवावर बेतू शकते. बंद करायच्याच झाल्या, तर डॉक्टर त्या काही महिने हळूहळू कमी करत आणतात.