छोटी टर्बो गाडी घेताना : ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इथे आल्यावर पहिले काही महिने गाडीवाचून निघतात. मग थंडी पडते, चार वाजता अंधार होतो, मुलांचा पोहण्याचा क्लास एका टोकाला आणि शनिवारची मराठी शाळा दुसऱ्या टोकाला निघते. वेम्बलीहून आणायच्या दहा किलो आट्याची पिशवी बसमध्ये चढवताना कधीतरी घरात विषय निघतोच. आणि ‘कोणती घेऊ?’ म्हणून विचारलं की दहापैकी सात घरांतून उत्तर येतं, एक लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक बघ. रेडिंग, मिल्टन कीन्स, लेस्टर आणि मँचेस्टरकडे बरीच वर्षं राहिलेल्या कुटुंबांशी बोलून हे संकलन केलं आहे. त्यांचं सगळ्यांचं एकमत नाही. जिथे नाही, तिथे मी माझं मत सरळ दिलं आहे.

आधी लायसन्स, कारण गाडीची निवड त्यावरून ठरते. आपल्या भारतीय लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. भारताचं लायसन्स इथल्यात बदलून मिळत नाही, त्यामुळे पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही प्रोव्हिजनल, मग थिअरी, मग रस्त्यावरची परीक्षा हे सगळं करावं लागतं. परीक्षेच्या तारखा अनेक ठिकाणी महिनोन् महिने मिळत नाहीत, म्हणून आल्याआल्या नंबर लावा. बारा महिने संपले आणि परीक्षा राहिली, तर ‘एल’ची पाटी लावून शेजारी कुणाला तरी बसवून चालवायची वेळ येते. आणि परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. सेकंडहँड बाजारातल्या छोट्या टर्बो गाड्या बहुतांशी मॅन्युअल आहेत आणि स्वस्तही त्याच, त्यामुळे जमत असेल तर परीक्षा मॅन्युअलवर द्या.

दुसरी गोष्ट विमा. गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर विम्याचे दर दाखवणाऱ्या साइटवर टाकून आकडा काढा. इथे गाड्यांचे १ ते ५० असे विमा-गट असतात आणि एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांत मोठा फरक पडतो. एक लिटरची स्विफ्ट आणि १.४ लिटरची स्विफ्ट स्पोर्ट दिसायला बहिणीबहिणी, पण विम्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या. त्यात नवं लायसन्स आणि तुमचा पोस्टकोड यांची भर पडते. पहिल्या वर्षाचा हप्ता बघून अनेकांचे डोळे पांढरे झालेत. भारतातल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं इंग्रजी पत्र निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आता इंजिनाकडे. टर्बो म्हणजे काय, तर धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने जास्तीची हवा इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. ९९९ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनातून मोठ्या इंजिनाचा जोर निघतो तो असा. पोलोचं ९५ पीएसचं एक लिटर टीएसआय १७५ न्यूटनमीटर टॉर्क देतं. जुन्या १.२ लिटरच्या बिनटर्बो गाड्यांत हाच आकडा ११० ते १२० असतो. हा फरक कागदावर कळत नाही. मोटरवेच्या स्लिप रोडवर, मागे दोन मुलं, डिकीत सामान, उजवीकडून सत्तर मैलांच्या वेगाने येणाऱ्या गाड्या, अशा वेळी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की कळतो. लेक डिस्ट्रिक्टच्या चढावरही. शिवाय सावकाश चालवली तर पेट्रोल बेताचं खाते. इथे मायलेज मैल प्रति गॅलनमध्ये सांगतात आणि पेट्रोल लिटरने विकतात, तेव्हा हिशोब लक्षात ठेवा : ४५ म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साधारण सोळा किलोमीटर.

एवढं सगळं फुकट मिळत नाही. टर्बोचं ते चक्र मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेऊ शकतं आणि त्याला आधार असतो ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल जुनं झालं, जळून घट्ट झालं, पातळी खाली गेली, की पहिला फटका तिथे बसतो. काही कंपन्यांच्या ‘लाँगलाइफ’ वेळापत्रकात ऑइल दोन वर्षांपर्यंत चालवायला परवानगी आहे. ज्यांच्या गाड्या लाखभर मैल विनातक्रार गेल्या, त्या घरांत मात्र एकच रीत दिसली : दर वर्षी किंवा आठ-दहा हजार मैलांवर, जे आधी येईल तेव्हा, ऑइल आणि फिल्टर. ऑइलही गॅरेजवाल्याकडे असेल ते घालायचं नाही, पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच.

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पट्ट्याचा आहे, म्हणून तो सविस्तर. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला टायमिंग बेल्ट नाहीतर चेन असते. साधा बेल्ट इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, कोरडा असतो. पण गेल्या पंधरा वर्षांतल्या काही छोट्या टर्बो इंजिनांत रबराचा बेल्ट थेट ऑइलमध्ये बुडवून चालवला आहे. इथले मेकॅनिक त्याला ‘वेट बेल्ट’ म्हणतात आणि हे नाव घेताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. घर्षण कमी होतं हा त्याचा फायदा. तोटा असा, की गाडी रोज मैल-दोन मैलच फिरली तर इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते रबर फुगवून मऊ करतं. बेल्टचा चुरा सुटतो, खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि वर ऑइल पोचत नाही. बेल्ट तुटायच्या आधीच इंजिन जाऊ शकतं ते असं.

असा बेल्ट कशात आहे? फोर्डचं १.० इकोबूस्ट २०१२ मध्ये आलं, २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरलं, फिएस्टामुळे इथल्या गल्लोगल्ली पोचलं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये होता, नंतरच्या इंजिनांत तिथे चेन आली. जुन्यासाठी फोर्डने दिलेली मुदत दहा वर्षं किंवा दीड लाख मैल, पण बरेच मेकॅनिक त्याच्या आधीच बदला म्हणतात. पजो २०८, सिट्रोएन सी-३ आणि २०१९ नंतरची कोर्सा यांतल्या १.२ प्युअरटेक टर्बोतही तोच प्रकार. त्या इंजिनांसाठी कंपनीने ठरावीक अटींवर दहा वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरचं संरक्षण जाहीर केलं आहे, पण अट सर्व्हिस वेळापत्रकाप्रमाणे झाल्याची, म्हणजे पुन्हा कागदच. बेल्ट बदलायचं काम मोठं असतं, बिल हजार पौंडांच्या आसपास सहज जातं. तेव्हा २०१५ ची फिएस्टा कुणी ‘फार स्वस्तात’ देत असेल, तर पहिला प्रश्न हाच : बेल्ट बदलला का, आणि पावती कुठे आहे?

फिएस्टा वाईट गाडी आहे असं नाही. चालवायला या वर्गात तिच्यासारखी मजा क्वचितच, आणि २०२३ च्या जुलैत तिचं उत्पादन थांबलं तरी सुटे भाग अन् ती ओळखणारे मेकॅनिक इथे कुठेही सापडतात. पण नवख्या माणसाने, ज्याला एक विश्वासू गॅरेजही अजून मिळालेलं नाही, त्याने हा जुगार कशाला खेळावा? माझी पसंती सरळ आहे. सुझुकी स्विफ्टचं १.० बूस्टरजेट किंवा ह्युंदाई आय-२० आणि किया रिओमधलं १.० टी-जीडीआय, दोन्ही चेनवाली. नाहीतर फोक्सवॅगन गटातली, म्हणजे पोलो, फाबिया, इबिझा यांतलं १.० टीएसआय, ज्यात बेल्ट आहे पण कोरडा. चाकणच्या पोलोवर हात बसलेल्यांना ही घरचीच वाटते. मात्र २०१४ च्या आधीच्या पोलोतलं १.२ टीएसआय वेगळ्या पिढीचं आहे, त्याची चेन सैल पडण्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या, ते टाळा. सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घेणार असाल तर रहदारीत हळूहळू पुढे सरकवून बघा. धक्के, थरथर जाणवली तर तिथेच नमस्कार करून निघा.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला, तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलंय. त्याला हसत हसत सांगा, थांबतो तासभर. थंड इंजिनच खरं बोलतं : चावी फिरवल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेनचा खडखडाट येतो का, धूर निळसर आहे का. इंजिन गार असतानाच कूलंटची पातळी बघा. ऑइलचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चने आत डोकवा. काळा, जाड थर दिसला तर सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर विश्वास ठेवू नका. पिवळट साय असेल तर गाडी फक्त जवळजवळच्या फेऱ्यांवर चालली असावी, किंवा आत पाणी जातंय. मग रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, १,५०० आरपीएमवरून एक्सलरेटर हळूहळू दाबा. जोर अडखळत न येता भरत गेला पाहिजे.

लेस्टरच्या एका काकांनी सांगितलेली सवय मला फार आवडली. ते गाडी बघण्याआधी तिचा एमओटीचा इतिहास वाचतात. तीन वर्षं झाल्यावर दर वर्षी ही तपासणी सक्तीची असते आणि गाडीचा नंबर टाकला की जुन्या सगळ्या तपासण्या सरकारी साइटवर फुकट दिसतात : मायलेज, नापास झाल्याची कारणं, ‘पुढच्या वेळी लक्ष द्या’ म्हणून लिहिलेल्या नोंदी. काका म्हणतात, सलग तीन वर्षं ‘टायर झिजले आहेत’ अशी नोंद असेल तर त्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं असेल असं मी मानत नाही. त्याच बैठकीत गाडीवर कर्ज बाकी आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने ती मोडीत काढून कॅट एस किंवा कॅट एन ठरवली होती का, याची थोडे पैसे भरून तपासणी करा. कर्ज बाकी असलेली गाडी विकत घेतली तर तिच्या मालकीवरून भानगड मागे लागू शकते.

डीलरकडून घ्यावी की खाजगी माणसाकडून, यावर प्रत्येक घरात वाद. खाजगीत दोन पैसे वाचतात. पण डीलरकडून घेतलेल्या गाडीत आधीपासूनचा दोष निघाला तर तीस दिवसांच्या आत ती परत करायचा हक्क २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने मिळतो. क्रेडिट कार्डाने थोडी जरी रक्कम भरली, तर १०० पौंडांवरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीत कार्ड कंपनीही जबाबदार राहते. पहिल्या गाडीसाठी मी डीलरच म्हणेन.

खर्चाचं थोडक्यात. १ एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या पेट्रोल गाडीला २०२५-२६ मध्ये रस्ता कर १९५ पौंड. त्याआधीच्या, कमी धूर सोडणाऱ्या अनेक टर्बो हॅचबॅकना तो शून्य होता, एप्रिल २०२५ पासून २० पौंड झाला आहे. लंडनच्या यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोज पैसे भरावे लागतात त्या भागात, या पिढीच्या पेट्रोल गाड्यांना रोजचे १२.५० पौंड पडत नाहीत, जुन्या डिझेलला पडतात.

आणि एक गट असा आहे ज्याने टर्बो घेऊच नये. ज्यांचं रोजचं जाणं शाळा, टेस्को आणि स्टेशन, तेही दीड-दोन मैलांत, महिन्यातून एकदा मोटरवे. अशा वापरात टर्बोचा जोर कधी लागत नाही, तोटे मात्र सगळे वाट्याला येतात. त्यांनी यारिस हायब्रिड किंवा होंडा जॅझ बघावी. थोडी महाग पडेल, दिसायला काकांची गाडी वाटेल. वाटू दे. टर्बो घेतलीच, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या, आणि पाचव्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर एक्सलरेटर चेपू नका, गिअर उतरवा.

सौदा झाल्यावर घाई करू नका. आधीच्या मालकाने भरलेला रस्ता कर गाडीबरोबर येत नाही. लॉगबुकातली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी हातात घ्या, तिच्यावरचा नंबर टाकून तिथेच उभ्या उभ्या फोनवरून कर भरा, विमा त्याच तासापासून सुरू झाल्याचा ईमेल आल्याची खात्री करा, आणि मग चावी घ्या.