मुशीचा पूर आणि आपली इमारत

हैदराबादेत अफझलगंजच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला महापूर आला, तेव्हा या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. शहरात सुमारे १५,००० माणसे दगावली. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्या पुरात गेली.

पुराचे कारण शोधण्यासाठी निजाम सरकारने १९०९ साली पुण्यास शिकलेले स्थापत्यविशारद विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांना आढळले, की मुशीच्या खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते आणि अतिवृष्टीने त्यांपैकी २२१ फुटले होते. वरच्या तलावाचे पाणी खालच्यावर कोसळत सारा लोंढा शहरावर आला. त्यांच्या योजनेनुसार शहराच्या वरच्या अंगास उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. नदीचे काठ बांधून काढले गेले आणि काठावर बागा झाल्या.

पुढे शहर वाढले. तलावांच्या पोटात व नाल्यांवर घरे उठली. जुलै २०२० मध्ये वर सांगितलेल्या दवाखान्यातच पावसाचे पाणी शिरून रुग्णांना हलवावे लागले. ऑक्टोबरात पल्ले चेरुवू व गुर्रम चेरुवू या तलावांचे बांध फुटून वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदी दूर आहे, म्हणून आपण निर्धास्त, असे मानण्याची सोय उरली नाही.

तेव्हा शाळा, वसतिगृह वा दवाखाना बांधू इच्छिणाऱ्या विश्वस्तांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. जागा स्वस्त मिळत असेल, तर जुना नकाशा आधी पाहावा. तेथे तलाव वा नाला असल्यास दान म्हणूनही ती घेऊ नये.

२. पूर्वी पाणी कुठवर चढले होते, ते वृद्धांना विचारावे आणि जोते त्याहून उंच घ्यावे.

३. विजेचे मीटर, औषधे व दप्तर वरच्या मजल्यावर असावे. जिना थेट गच्चीपर्यंत न्यावा व त्याच्या दारास कुलूप नसावे.

४. आपल्या भरावाने वा कुंपणाने पाण्याची वाट अडवू नये. अडलेले पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते.

धर्मादायाच्या पैशातून उभी राहिलेली इमारत संकटाच्या वेळी त्या चिंचेसारखी सर्वांच्या उपयोगी पडावी. या महोत्सवप्रसंगी विश्वस्तांनी एवढा संकल्प अवश्य करावा.