लोणारचे खारे पाणी

मराठीत ‘गोडे पाणी’ म्हणजे चांगले आणि ‘खारे’ म्हणजे निरुपयोगी. हा निकष माणसाच्या जिभेचा आहे. सरोवराचे आरोग्य त्याने मोजता येत नाही, हे बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरावरून विद्यार्थ्यांना नीट समजावता येते.

उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या या विवरात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते. बाहेर वाहून जाणारा प्रवाह मात्र नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. त्यामुळे हे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी आहे. बहुतेक जलचरांना ते मानवत नाही. स्पिरुलिनासारख्या नीलहरित जिवाणूंना मानवते. पाण्याचा नेहमीचा हिरवट रंग त्यांच्यामुळेच.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण सांगितले : पाणी आटून क्षारता वाढली, तेव्हा हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची संख्या वाढली, गुलाबी रंगद्रव्य त्यांचे. पावसाळ्यात पाण्याची भर पडल्यावर तो रंग ओसरला.

एका उन्हाळ्यावरून हवामानबदल सिद्ध होत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. परंतु तो सरोवरावर कोणत्या वाटेने परिणाम करील, हे या घटनेने दाखवले. उष्णता वाढली की बाष्पीभवन वाढते आणि पाणी अधिक खारे होते. उलट, थोड्या वेळात कोसळणारा पाऊस क्षार विरळ करतो, शिवाय उतारावरची माती, खते आणि सांडपाणी आत आणतो. क्षारावरच जगणाऱ्या जिवांना हा ‘गोडवा’ही घातक ठरू शकतो. तापत्या हवामानात कडक ऊन आणि मुसळधार पाऊस ही दोन्ही टोके अधिक तीव्र होतात, आणि ही जीवसृष्टी त्या दोहोंच्या मध्ये सापडते.

शिक्षकांनी या पाठाला एक स्वाध्याय जोडावा. इंदूरचा सिरपूर तलाव असो, हैदराबादचा हुसेनसागर असो की वडोदऱ्याचे सूरसागर. विद्यार्थ्यांनी दरमहा एकाच ठिकाणाहून पाण्याची पातळी, रंग, वास आणि काठावरचे पक्षी यांची मराठीत नोंद करावी. ‘नयनरम्य’ हा शब्द वर्ज्य समजावा. वर्षभराने त्या वहीत वर्णनापेक्षा अधिक काही असेल : पुढच्या वर्षाशी ताडून पाहता येईल अशी साक्ष.