बिपिनचा शर्ट देऊन टाकू नकोस

अगं चिमणे, आईचा फोन आला होता. म्हणाली, धाकटीने निळा शर्ट काढून बोहारणीच्या गाठोड्यात टाकलाय. शनिवारी मी घरी आले तेव्हा तू क्लासला होतीस. गाठोडं सोडलं, शर्ट काढला आणि माझ्याकडे घेऊन आले. तुला विचारलं नाही, त्याबद्दल रागव हवं तर. पण पाठीवरचा २९ नंबर दिसला, त्यातल्या नऊचं उडालेलं शेपूट दिसलं आणि तो तिथे सोडवेना. आईने शर्ट उलटा न करता इस्त्री फिरवली आणि ते शेपूट इस्त्रीलाच चिकटून आलं, आठवतं ना? दोन दिवस तू तिच्याशी बोलली नव्हतीस.

२०२५ चा मोसम संपला आणि बिपिन सिंग आपला मुंबई सिटी फुटबॉल क्लब सोडून ईस्ट बंगालला गेला. पाठोपाठ मेहताब सिंग मोहन बागानला. तेव्हापासून कुणी मुंबई सिटीचं नाव काढलं की तू खोलीबाहेर जातेस. परवा मला लिहिलंस, ‘ताई, सात वर्षं खेळून माणूस जातो, तर आपण जीव लावायचाच कशाला?’ ह्याचं उत्तर एका मेसेजात मावेना, म्हणून रात्री जेवण उरकून लिहायला बसलेय.

आधी बिपिनचंच बोलू. लीगच्या अंतिम सामन्याची १३ मार्च २०२१ ची रात्र आठव. फातोर्ड्याचं मैदान करोनामुळे रिकामं, समोर एटीके मोहन बागान. पहिला गोल त्यांनी केला. मग त्यांच्याच बचावपटू टिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्या जाळ्यात गेला आणि १-१ झालं. आता जादा वेळ होणार म्हणून बाबा चहा टाकायला उठले. ९०व्या मिनिटाला त्यांचा गोलरक्षक पुढे आला, ओगबेचेने त्याच्याकडून चेंडू सोडवून घेतला, बिपिनकडे सरकवला आणि बिपिनने मारला. बाबा दूध ओट्यावर उतू जाऊ देत धावत बाहेर आले. आपला पहिला कप.

मग ४ मे २०२४ चा अंतिम सामना. कोलकात्याचं सॉल्ट लेक मैदान, ६० हजारांवर लोक, सगळे बागानचे. मध्यंतरापूर्वी कमिंग्सने गोल केला आणि तू उशीत तोंड खुपसलंस. पेरेरा डियाझने बरोबरी साधली, ८१व्या मिनिटाला पुन्हा बिपिन, आणि शेवटी वोइतुसने तिसरा. ३-१. म्हणजे आपल्या दोन्ही कपांच्या अंतिम सामन्यांत आपल्याला पुढे नेणारा गोल एकाच माणसाचा होता. २०१८ पासून तो आपल्यासाठी धावला आणि तिशी गाठल्यावर गेला. ह्यात त्याने आपल्याला फसवलं असं कुठे दिसतं तुला? मला तरी तो आपलं देणं चुकतं करून गेलेला दिसतो.

तो टिरीसुद्धा विसरू नकोस. २०२१ मध्ये चुकून स्वतःच्याच जाळ्यात गोल करणारा टिरी २०२३ मध्ये आपल्याकडे आला आणि सॉल्ट लेकवर आपल्या बचावात उभा राहून कप जिंकला. तेव्हा बागानच्या एखाद्या पोरीनेही त्याचा शर्ट गाठोड्यात टाकला असेल. आपल्याला तेव्हा तिची आठवण आली नाही.

आणि गोवा? मडगावच्या दादाने २०२० मध्ये आपल्याला महिनाभर धड फोन केला नव्हता, कारण माहीत आहे ना? प्रशिक्षक लोबेरा, जाहू, मुर्तदा फॉल, बूमूस, मंदार राव देसाई, एफसी गोवाची अख्खी घडी उचलून आपण मुंबईला आणली. त्याच घडीच्या जोरावर पहिल्याच वर्षी लीग शील्ड आणि कप दोन्ही घेतले, आणि कप तर त्यांच्याच फातोर्ड्यावर उचलला. आपण नाचलो. दादा म्हणाला होता, ‘तुमचा आनंद माझ्या घरातून गेलाय गं.’ तेव्हा मला ते मनाला लावून घेणं वाटलं. आज तुझ्याकडे बघून कळतं त्याला काय झालं होतं.

आता कराराचं. हे नीट समजून घे, कारण अर्धा राग न समजल्यामुळे येतो. खेळाडूचा करार ठरावीक वर्षांचा असतो. फिफाच्या नियमाने जास्तीत जास्त ५ वर्षांचा. शेवटचे ६ महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी उघड बोलणी करू शकतो, आणि मुदत संपली की कुणालाही एक पैसा न देता जाऊ शकतो. करार मधेच मोडून न्यायचा असेल तर मात्र नव्या क्लबाला पैसे मोजावे लागतात. म्हणून कुणी गेला असं कळलं की पहिल्यांदा बघ, त्याचा करार कधी संपत होता. संपत आला होता आणि क्लबने वेळेत नवा दिला नाही, तर प्रश्न क्लबला विचार. नवा समोर ठेवला आणि त्याने नाकारला, तर त्याचा हिशेब त्याच्याकडे. ‘विकला’ आणि ‘गद्दार’ हे दोन शब्द तू फार पटकन वापरतेस.

मी तुला कधी सांगितलं नाही, पण माझी पहिली तीन वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर गेली. दर वेळी दहाव्या महिन्यात पोटात गोळा. नवं पत्र कधी येणार, कुणी सांगायचं नाही. तिसऱ्या वर्षी दुसरीकडून कायम नोकरीचं पत्र आलं आणि मी गेले. ज्या मॅडमनी मला काम शिकवलं, त्यांनी निरोपाच्या दिवशी मान वर करून बघितलंही नाही. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले होते. मी काम कमी केलं नव्हतं गं. मग पस्तिशीच्या आसपास ज्या खेळाडूंचं खेळणं संपतं, एक गुडघा गेला तर त्याआधीच संपतं, त्यांना चार वर्षांची हमी कुणी देत असेल तर ती त्यांनी का सोडावी?

ह्याचा अर्थ रागवायचंच नाही असं नाही. मीही रागावलेय, आणि माझा राग २०२४ च्या कपानंतरच्या महिन्यांवर आहे. कप हातात असताना आपण संघ विसकटू दिला. राहुल भेके गेला, आपल्याच मुंबईचा पोरगा, कपाच्या रात्रीचा कर्णधार, २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल करणारा. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा आपला क्लब भारतातला पहिला, आणि तो गोल भेकेचा. तो बेंगळुरूला गेला. नोगेरा आणि पेरेरा डियाझही बेंगळुरूलाच. आपुइया मोहन बागानला. ह्या एका आपुइयाचं जाणं मला सगळ्यात लागलं. मधल्या फळीत चेंडू घेऊन मान वर करणारा असा पोरगा आपल्याकडे दुसरा नव्हता. पुढच्याच मोसमात बागानने शील्ड आणि कप दोन्ही जिंकले, आणि उपांत्य फेरीत जमशेदपूरविरुद्ध जादा मिनिटांत गोल करून त्यांना अंतिम सामन्यात नेलं ते आपुइयानेच.

आपल्याकडे गोव्याहून ब्रँडन आला, कारेलिस आणि तोराल आले. माणसं वाईट नव्हती. पण एकमेकांच्या धावा ओळखायला वेळ लागतो, आणि एका उन्हाळ्यात इतके खांब काढले की छप्पर हलतंच. ११ मार्च २०२५ ला बेंगळुरूच्या कांतीरवावर आपण २-० जिंकलो आणि सहाव्या नंबरवर बाद फेरीत शिरलो. १८ दिवसांनी त्याच मैदानावर ५-० ने गेलो. पाचवा गोल पेरेरा डियाझचा. तू टीव्ही बंद केलास. मी शेवटपर्यंत बघितला, आणि मला त्याचा राग आला नाही. ज्यांनी त्याला जाऊ दिलं त्यांचा आला.

आणि त्याहून मोठं दुःख त्यानंतरचं आहे, ते तुझ्या लक्षात आलंय का? फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी ह्यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नवा ठरेना, म्हणून जुलैत लीगच थांबवली. काही क्लबांनी पगार रोखले. तेव्हा खेळाडू हताश होऊन सरावाच्या मैदानावर फेऱ्या मारत होते, सामना कधी ते कुणालाच माहीत नाही. डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने आपल्या क्लबातला हिस्सा सोडला. २०१९ मध्ये ६५ टक्के घेऊन आले होते ते. मँचेस्टर सिटीचं नाव पाठीशी आहे म्हणून बाबा किती विश्वासाने बोलायचे. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू झाली, तीही आखूड, प्रत्येकाशी एकदाच सामना. करार म्हणजे काय, हे त्या सात महिन्यांत सगळ्या खेळाडूंना कळलं. घरी हप्ते चालू आणि मैदान बंद. अशा वेळी ज्यांच्या हाती जे पत्र आलं त्यावर त्यांनी सही केली असेल, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही, आणि तूही ठेवू नकोस.

मग जीव लावायचा कशाला, हा तुझा प्रश्न. मी काय करते ते सांगते. मी खेळाडूला जीव लावते, तो आपल्या शर्टात आहे तोवर पूर्ण लावते, हातचं राखून नाही. गेला की वाईट वाटून घेते, दोन-चार दिवस जेवण गोड लागत नाही. मग अंधेरीला आपल्या मैदानावर जाते. आझादनगरला उतरायचं, वीरा देसाई रोडने चालत जायचं, वेस्ट ब्लॉकमधला ढोल बाहेरूनच ऐकू येतो. आत गेलं की तेच मावशी-काका, तीच पोरं, गेल्या वेळी शेजारी बसलेली ती ठाण्याची कॉलेजची मुलगी. तिथून कुणी कुठे बदली होऊन जात नाही. २४ एप्रिल २०२४ ला फातोर्ड्यावर गोव्याविरुद्ध आपण ९० मिनिटांपर्यंत २-० ने मागे होतो आणि छांगतेचे दोन, विक्रम प्रतापचा एक असे तीन गोल करून ३-२ ने जिंकलो, तेव्हा पहिला फोन मला कुणाचा आला असेल? त्या ठाण्याच्या मुलीचा. बोलता येत नव्हतं तिला, नुसती रडत होती.

तेव्हा पोरी, दोन गोष्टी कर माझ्यासाठी. बिपिन ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या शर्टात आपल्यासमोर येईल तेव्हा सामन्याआधी त्याचं नाव पुकारतील. त्या वेळी उभी राहून टाळ्या वाजव, मनापासून. शिट्टी वाजली की मग त्याच्या पायातला प्रत्येक चेंडू आपल्या बचावाने काढावा म्हणून ओरड. दोन्ही एकाच संध्याकाळी करता येतं, मी २०२४ नंतर भेकेसाठी केलंय.

दुसरं म्हणजे, संघाची यादी बाहेर आली की नेहमीच्या तीन नावांवर थांबू नकोस. खाली बाकावर बसलेल्या पोरांची नावं वाच. २० वर्षांचा एखादा ८५व्या मिनिटाला उतरतो, त्याचे पाय थरथरतात, पहिला पास चुकतो. त्या पासला स्टँडमधून कुणी हाय हाय करायच्या आत तू टाळी वाजव. बिपिनही असाच कधीतरी उतरला होता.

नवा शर्ट घेशील तेव्हा पाठीवर नाव छापायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी तर छापणार.

जुना मी उलटा करून, गार पाण्यात, हाताने धुतलाय. नऊचं शेपूट शिवणाऱ्या काकांना दाखवलं, ते तसाच तुकडा कापून चिकटवून देतायत. पुढच्या घरच्या सामन्याला ये. आझादनगरच्या जिन्याखाली मी शर्ट घेऊन उभी असेन, तिथेच अंगात घाल.