मुलं पलीकडे, पाणी मध्ये

मुलांना घेऊन मुळशीला जायचं म्हटलं की घरातली वडीलधारी मंडळी आधी बिबट्याचं विचारतात. ताम्हिणीच्या जंगलात बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे, खवले मांजरही आहे. पण यांतलं एकही सुट्टीला आलेल्या मुलांच्या वाटेला सहसा जात नाही. आम्हाला घाम फोडला तो घोट्याएवढ्या पाण्याच्या ओढ्यानं. त्या दुपारी जे कळलं ते प्रत्येक आईबापाला निघण्याआधी ठाऊक असायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

जुलै संपत आला होता. पावसानं उघडीप दिली होती आणि ताम्हिणीजवळ एका गावात आम्ही मुक्कामाला होतो. घरामागच्या शेताच्या कडेनं ओढा वाहत होता. धबधब्याची गर्दी नको, खोल डोह नको, म्हणून मुद्दाम हीच जागा निवडली होती. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसावा. माझी धाकटी मुलगी आणि चौदा वर्षांचा पुतण्या खेकडे बघायला पलीकडच्या खडकावर गेले. मी, सासूबाई आणि जाऊबाई अलीकडे.

आधी आवाज बदलला. ओढ्याची खळखळ जड झाली. मग पाण्यावरून सुकी पानं आणि काटक्या आल्या, त्यामागून फेस, आणि बघता बघता नितळ पाण्याला चहाचा रंग चढला. आमच्या डोक्यावर ऊन होतं. मी मुलांना हाका मारत पाण्यात पाय टाकला, तेवढ्यात म्हशी घेऊन चाललेल्या एका मामांनी मला मागं ओढलं. "ताई, वर पाऊस झालाय. पोरांना हितनं आणू नका. तिकडंच वर चढवा त्यांना." मामांनी आपल्या म्हशीही थांबवल्या होत्या. पलीकडचा गोठा त्यांना समोर दिसत होता, तरी एकही जनावर त्यांनी पाण्यात घातलं नाही.

पुतण्यानं हातवारे ओळखले आणि धाकटीला घेऊन तो बांधावर चढला. ती दोघं बसली होती तो खडक थोड्याच वेळात दिसेनासा झाला.

पुढचा वेळ फार कठीण गेला. मुलं समोर दिसत होती, पण पाण्याच्या आवाजात हाक पोहोचत नव्हती. मोबाईलला रेंज नव्हती. मग आमच्याकडेही पाऊस आला, धुकं उतरलं आणि मुलं दिसायचीही बंद झाली. त्यांचे सुके कपडे, खाऊ, रेनकोट असलेली पिशवी माझ्या खांद्यावर होती. संध्याकाळी पाणी ओसरलं, मामा स्वतः पलीकडे गेले आणि दोघांना घेऊन आले. धाकटीचे ओठ निळसर पडले होते आणि ती थरथरत होती. ओले कपडे उतरवून तिला कोरड्या घोंगडीत गुंडाळलं, गरम दूध पाजलं, तेव्हा कुठं तिला ऊब आली.

ऊन आपल्याकडे, पाऊस माथ्यावर

ताम्हिणीचा पाऊस पुण्याच्या अंदाजानं मोजता येत नाही. जुलै 2024च्या शेवटच्या आठवड्यात इथं चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षाची सरासरी सातशेच्या आसपास आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एखादी जोरदार सर कोसळते, खडकाळ पठारावर पाणी मुरायला माती थोडी, त्यामुळे ते सगळं थेट ओढ्यात उतरतं. म्हणून आपल्यावरचं आभाळ बघून उपयोग नसतो. पाणी जिथून येतं, त्या डोंगरावर ढग आहेत का, हे बघायचं. वर काळोखी दिसली की मुलांना पाण्याबाहेर काढायचं, मग खाली कितीही लख्ख ऊन असो.

पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहून येणं, आवाज वाढणं, यांतली एक खूण दिसली तरी पुरे. ही खूण मुलांनाही शिकवा. आठ-नऊ वर्षांचं मूल ती नीट ओळखतं आणि कित्येकदा मोठ्यांच्या आधी ओळखतं.

काठ सोडायचा नाही

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर वेगवान पाणीही धडधाकट माणसाचा पाय उचलतं, आणि खाली शेवाळलेला खडक असला तर सावरायला वेळच मिळत नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एका कुटुंबातली माणसं प्रवाहाच्या मधोमध खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली होती. काठावर माणसं होती, पण कोणालाच तिथवर पोहोचता आलं नाही. एक महिला आणि चार मुलं गेली. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशी, मावळसह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लावले.

म्हणून नियम एकच ठेवा: पाणी वाढलं की जो ज्या काठावर आहे त्यानं त्याच काठावर उंच जायचं. पलीकडचं मूल भिजेल, रडेल, घाबरेल, पण उंचावर असेल तर सुरक्षित आहे. त्याला आणायला आई पाण्यात उतरली तर दोघांचाही जीव टांगणीला लागतो. हे आईच्या मनाला पटत नाही, मला त्या क्षणी पटलं नव्हतं. म्हणून ते घरी, शांतपणे, मुलांसमोर बोलून ठेवायला हवं. एका काठावर किमान एक मोठं माणूस, हेही त्याच वेळी ठरवा.

धरणाच्या खालच्या अंगाला मुक्काम असेल तर आणखी काळजी घ्या. मुळशी धरणाचं पाणी एरवी वीजनिर्मितीसाठी कोकणात भिऱ्याकडे जातं, पण धरण भरलं की मुळा नदीत विसर्ग सुरू होतो. तशी सूचना निघाली असेल तर नदीकाठी मुलांना नेऊच नका.

प्रत्येक मुलाची स्वतःची पिशवी

घरातलं सगळं सामान एका मोठ्या बॅगेत आणि ती आईच्या पाठीवर, ही आपली सवय. जंगलात ती मोडायला हवी. प्रत्येक मुलाच्या पाठीवर छोटी पिशवी द्या. तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सुका सदरा आणि स्वेटर, रेनकोट, पाण्याची बाटली, चिक्की किंवा लाडू, आणि घरच्यांचे फोन नंबर लिहिलेला कागद. गळ्यात शिट्टी. जिथं हाक पोहोचत नाही तिथं शिट्टी पोहोचते. तीनदा शिट्टी म्हणजे 'मी इथं आहे, मदत हवी' हे पाठ करून घ्या. आणि धुक्यात चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, जवळचं झाड धरून तिथंच थांबायचं, हेही सांगा. थांबलेलं मूल लवकर सापडतं.

थंडीनं कुडकुडणाऱ्या मुलाचे ओले कपडे आधी काढा, मग ऊब द्या. नुसतं वरून पांघरूण घालून भागत नाही.

इथं फाटक नाही

ताडोब्याला गेलं की फाटक लागतं, परवाना तपासतात, सोबत गाईड बसतो. भर पावसाळ्यात तिथलं गाभा क्षेत्र बंदच असतं. ताम्हिणीला 2013 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण पुण्याहून माणगावकडे जाणारा वाहता रस्ता याच जंगलातून जातो आणि सगळी गर्दी नेमकी पावसाळ्यातच होते. इथं गाडी कुठंही थांबते आणि मूल दार उघडून थेट जंगलात उतरतं. त्यामुळे फाटकाचं आणि गाईडचं काम आईबापांनाच करावं लागतं. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा. घाटमाथ्याला रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर बेत पुढं ढकला, पैसे भरले असले तरी. अंधारबन, प्लस व्हॅलीसारख्या ठिकाणी बंदी आहे का, याची वनखात्याकडे चौकशी करा. परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवा आणि ती पाळा, कारण घाटात धुकं उतरलं की समोरची गाडी दिसत नाही. वळणावर गाडी लावून मुलांना रस्त्यात उतरवू नका.

माकडांना खाऊ देऊ नका. खाऊला सोकावलेलं माकड मुलाच्या हातावर झडप घालतं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. साप चावला तर घट्ट बांधणं, कापणं काही करू नका. मुलाला न चालवता दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112, वनखात्यासाठी 1926 हे आकडे मुलांनाही पाठ हवेत. रेंज नसेल तर गावातल्या पहिल्या घराचं दार ठोठावा. वाटेत कुठल्या गावात माणसं भेटतील हे जाताना बघून ठेवा.

एवढं सांगून 'जाऊ नका' म्हणायचं नाही. मुलांना जंगल दाखवायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. वाटा कोरड्या असतात, ओढे शांत असतात. सकाळी लवकर, गावातला माहीतगार माणूस सोबत घेऊन निघालात आणि मुलं गप्प राहिली तर शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेताना दिसू शकतं. तो आपला राज्यप्राणी आहे आणि उंच फांद्यांवरची त्याची घरटी मुलं चटकन ओळखायला शिकतात. पावसाळ्यात न्यायचंच असेल तर धबधबा लांबून दाखवा, भजी खा, धुक्यात फोटो काढा आणि उजेड असेपर्यंत घाट उतरा. वाहत्या पाण्यात मात्र मुलांना उतरवू नका, ते घोट्याएवढं दिसत असलं तरीही.